केराटिन, लॅनोलिन, कार्माइन: प्राणिजन्य घटक असलेली प्रसाधनं कशी पारखून घ्यावीत

केराटिन लोकर, पिसं, खुरं आणि शिंगं यांतून काढतात. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचं मेणचट आवरण. लिपस्टिकमधला कार्माइनचा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्याच्या माद्या वाळवून मिळवतात. काही आयशॅडो आणि नेलपॉलिशची मोतिया चमक माशांच्या खवल्यांतल्या ग्वानीनची असते. हे पहिल्यांदा कळलं की पोटात कसंतरी होतं आणि लगेच मनात येतं, मग हे लावणं सुरक्षित तरी आहे का?

एखादी गोष्ट आपल्या धर्माला, आहाराला किंवा मनाला चालत नसेल, तर ती न वापरायला तेवढं कारण पुरेसं आहे. त्याला आरोग्याच्या भीतीचा टेकू लागत नाही. आरोग्याचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो, कारण घटक प्राणिजन्य आहे एवढ्यावरून धोक्याबद्दल फार थोडं समजतं. कोणता प्राणी, त्याच्या शरीराचा कोणता भाग, त्यावर काय प्रक्रिया झाली आणि लावणाऱ्याची त्वचा कशी आहे, या चार गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. बाजारात घाबरवणारेही पुष्कळ आहेत आणि 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' म्हणणारेही पुष्कळ. दोघांच्या मधून वाट काढायला हा लेख आहे.

पायरी पहिली: लेबलची मागची बाजू वाचा

बाटलीच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते. भारतात प्रसाधनांवर घटकांची यादी छापणं बंधनकारक आहे. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे सर्वांत जास्त असलेला घटक आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात.

समजा, तुमच्या हातात 'केराटिन रिच' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला कंडिशनर आहे. मागे साधारण असा क्रम दिसेल: अ‍ॅक्वा, सिटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, ग्लिसरिन, डायमेथिकोन, परफ्यूम, फेनॉक्सिइथेनॉल, हायड्रोलाइझ्ड केराटिन, सायट्रिक अ‍ॅसिड. यातला फेनॉक्सिइथेनॉल शोधा. हे परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारं रसायन आहे आणि ते सहसा एक टक्क्याच्या आतच वापरतात. त्याच्या नंतर जे जे लिहिलंय ते बहुधा एक टक्क्याहून कमीच असतं. म्हणजे ज्या केराटिनच्या नावावर बाटली विकली जाते ते त्यात चिमूटभर आहे आणि केस मऊ लागतात ते मुख्यतः वरच्या तीन-चार घटकांमुळे. अ‍ॅलर्जी नसणाऱ्याला ही चिमूट त्रास देत नाही आणि फार चमत्कारही करत नाही. अ‍ॅलर्जी असणाऱ्याला मात्र चिमूटही पुरते, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचायची.

आता नावं. प्राणिजन्य घटक लेबलवर ओळखीच्या नावाने येतातच असं नाही. लॅनोलिन हे 'लॅनोलिन अल्कोहोल', 'वूल वॅक्स' किंवा 'अ‍ॅडेप्स लॅनी' म्हणून येतं. कार्माइन कधी 'कोचिनील', कधी 'नॅचरल रेड ४', तर बऱ्याचदा नुसत्या 'सीआय ७५४७०' या आकड्याने येतं. ग्वानीनचा आकडा सीआय ७५१७०. मधमाशीचं मेण 'सेरा अल्बा', मध 'मेल', शेळीचं दूध 'काप्रे लॅक', अंडं 'ओव्हम'. साबणात 'सोडियम टॅलोएट' दिसलं तर ती जनावराची चरबी. 'सोडियम पामेट' आणि 'सोडियम कोकोएट' ही पाम आणि खोबरेल. 'हायड्रोलाइझ्ड' या शब्दापुढे केराटिन, कोलॅजन, सिल्क, मिल्क प्रोटीन यांपैकी काही असेल, तर ते प्राण्याचं प्रथिन बारीक तुकडे करून घातलेलं आहे.

काही नावांवरून मात्र काहीच कळत नाही. ग्लिसरिन, स्टिअरिक अ‍ॅसिड, स्क्वालेन हे वनस्पतीपासूनही बनतात आणि प्राण्यापासूनही. पूर्वी स्क्वालेन शार्कच्या यकृतातून येई. आता ऑलिव्ह आणि उसापासूनही तयार होतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने इथे डोकं शिणवायची गरज नाही, कारण शुद्ध ग्लिसरिनचा रेणू चरबीतून आला काय नि खोबरेलातून आला काय, एकच असतो. तुमचा प्रश्न श्रद्धेचा असेल तर कंपनीला विचारावं लागेल. कसं विचारायचं ते पुढे सांगते.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका किंवा मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण हमखास असतो. प्रसाधनांच्या बाबतीत तसं गृहीत धरू नका. पुष्कळ कंपन्या अशी खूण लावतात, काही लावत नाहीत. खूण नसण्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. 'क्रुएल्टी-फ्री' म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, एवढंच. (भारतात प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे.) क्रुएल्टी-फ्री लिपबाममध्ये मेण आणि लॅनोलिन दोन्ही असू शकतात. 'व्हीगन' म्हणजे प्राणिजन्य घटक नाहीत, पण त्याने अ‍ॅलर्जीची शक्यता संपत नाही. याचं सर्वांत ठळक उदाहरण जपानचं आहे. तिथल्या एका चेहऱ्याच्या साबणात गव्हाचं हायड्रोलाइझ्ड प्रथिन होतं. तो वापरणाऱ्या २,००० हून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली आणि त्यांतल्या अनेकांना रोजचे गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर तीव्र प्रतिक्रिया येऊ लागल्या. घटक शंभर टक्के वनस्पतिजन्य होता.

पायरी दुसरी: स्वतःचा इतिहास लिहून काढा

खरेदीला निघण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. तुम्हाला किंवा घरातल्या मुलाला दूध, अंडं, मासे, खेकडे-कोळंबी यांपैकी कशाची अ‍ॅलर्जी आहे का? लोकरीच्या कपड्याने किंवा एखाद्या मलमाने पुरळ उठतं का? दमा, एक्झिमा, सतत वाहणारं नाक आहे का? टाळूला किंवा त्वचेला चिरा, जखमा आहेत का? बहुतेकांच्या कागदावर काहीच येणार नाही, आणि मग बाजारातल्या परवानाधारक उत्पादनांतले बहुतेक प्राणिजन्य घटक तुम्हाला बिनधास्त चालतील. काही आलं, तर पुढचं नीट वाचा.

लॅनोलिनपासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत जास्त ठिकाणी असतं. लिपबाम, भेगांचं मलम, बाळाच्या लंगोटाच्या जागी लावायचं क्रीम, स्तनपान करणाऱ्या आईच्या स्तनाग्रांचं मलम, सगळीकडे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संपर्कजन्य त्वचादाहाविषयीच्या संघटनेने २०२३ साठी 'वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक घटक' म्हणून लॅनोलिनची निवड केली होती. याचा अर्थ ते विषारी आहे असा नाही. निरोगी त्वचेच्या माणसाला ते क्वचितच त्रास देतं. एक्झिमा असलेल्यांना आणि पायावरच्या जुनाट, न भरणाऱ्या जखमांवर मलमं लावत राहिलेल्यांना मात्र त्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळते. यातली फसगत अशी की त्वचा कोरडी पडते म्हणून माणूस मलम लावतो, मलमातल्या लॅनोलिनने खाज वाढते आणि खाज वाढली म्हणून तो आणखी मलम लावतो. मलम लावूनही पुरळ पसरत असेल, विशेषतः मलम लावलेल्या जागेपुरतंच पसरत असेल, तर ते बंद करून त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (संशयित घटक पट्टीने त्वचेवर लावून करायची अ‍ॅलर्जीची चाचणी) करून घ्या. मेंढ्यांच्या अंगावर कीटकनाशकं वापरतात, त्यामुळे औषधी दर्जाच्या लॅनोलिनमध्ये त्यांचे अवशेष किती चालतील याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. बाळासाठी किंवा स्तनाग्रांसाठी घेताना शुद्ध केलेलं, वैद्यकीय दर्जाचंच घ्यावं, ते एवढ्यासाठी.

कार्माइनची गोष्ट वेगळी. रंग शुद्ध केला तरी त्यात किड्याच्या प्रथिनांचा अंश राहतो आणि काहींचं शरीर त्या प्रथिनांवर उसळतं. ओठ सुजणं, गांधी उठणं, क्वचित श्वास लागणं अशा नोंदी आहेत. त्यामुळेच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये नियम केला आणि ५ जानेवारी २०११ पासून खाद्यपदार्थ आणि प्रसाधनं दोन्हींवर कार्माइनचं नाव स्पष्ट लिहिणं सक्तीचं झालं. हेच कार्माइन गुलाबी दही, मिठाई, पेयं यांतही असतं. लिपस्टिक लावल्यावर आणि तसा लाल रंगाचा पदार्थ खाल्ल्यावर सारखाच त्रास होत असेल, तर दोन्हींच्या लेबलवर हे नाव किंवा ई१२० हा आकडा शोधा.

हायड्रोलाइझ्ड प्रथिनांकडे मात्र मी सर्वांत जास्त लक्ष वेधेन, कारण 'प्रोटीन' हा शब्द ऐकला की आपण निर्धास्त होतो. केसांच्या कंडिशनरमधल्या कोलॅजनच्या तुकड्यांमुळे लगेच गांधी उठल्याचं फिनलंडच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. त्यात एक्झिमा असलेले लोक आणि रोज हात ओले असणारे केशकर्तनकार होते. चिरलेल्या, दाह झालेल्या त्वचेवर अन्नातलं प्रथिन वारंवार लावलं, तर शरीर त्याला शत्रू समजायला शिकू शकतं. पुढे तेच प्रथिन खाण्यात आलं की प्रतिक्रिया येते. एक्झिमावर शेळीच्या दुधाची उत्पादनं लावणाऱ्यांना नंतर शेळीचं दूध किंवा चीज खाल्ल्यावर अशी तीव्र प्रतिक्रिया आल्याचं ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आपल्याकडे प्रदर्शनांत शेळीच्या दुधाचे साबण 'एक्झिमावर रामबाण' म्हणून विकतात. धडधाकट त्वचेला तो साबण चालेल. ज्या मुलाची त्वचा एक्झिमाने फाटलेली आहे, त्याला तो लावू नका. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या अंगाला तर दुधाचं कोणतंच प्रसाधन नको, आणि दिवाळीचं उटणं त्याच्यासाठी दुधाऐवजी पाण्यात कालवा.

बाकीचे थोडक्यात. मासे चालत नसतील तर 'मरीन कोलॅजन' टाळा. खेकडे-कोळंबी चालत नसेल तर हेअर स्प्रेमधल्या, त्यांच्या कवचापासून बनणाऱ्या कायटोसानबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. दमा असेल तर मधमाश्यांच्या रॉयल जेली आणि प्रोपॉलिस यांपासून दूर राहणं शहाणपणाचं. मधमाशीच्या डंखाने ज्यांना कधी अंगभर सूज आली आहे, त्यांनी 'बी व्हेनम' क्रीमकडे बघूही नये. गोगलगायीच्या स्रावाची, म्हणजे स्नेल म्यूसिनची, सध्या मुलींमध्ये फार चलती आहे. धुळीतल्या माइट्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांना गोगलगायीची प्रथिनंही बाधू शकतात, म्हणून आधी हातावर लावून बघा. मेण, रेशीम आणि लाख बहुतेकांना निमूट सोसतात.

पायरी तिसरी: गायींच्या आजाराची भीती किती बाळगावी

'मॅड काऊ' आजार क्रीममधून होतो का, असं अजून विचारलं जातं. हा आजार १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला आणि मार्च १९९६ मध्ये माणसांतल्या तशाच एका मेंदूच्या आजाराशी त्याचा संबंध जाहीर झाला. त्याचं कारण असलेली प्रियॉन ही विकृत प्रथिनं साध्या उकळण्याने मरत नाहीत, म्हणून प्रसाधनांचाही विचार झाला. युरोपने गुरांचा मेंदू, मज्जारज्जू असे जोखमीचे भाग प्रसाधनांत वापरायला मनाई केली, अमेरिकेने २००४ मध्ये तसाच नियम केला. चरबीत प्रियॉन नसतात, पण तिच्यात मांसाचे कण राहू नयेत म्हणून अमेरिकेच्या नियमात न विरघळणाऱ्या अशुद्धींची मर्यादा ०.१५ टक्के ठेवली आहे. चरबीपासून ग्लिसरिन किंवा स्टिअरिक अ‍ॅसिड बनवताना मोठा दाब आणि तापमान लागतं, म्हणून त्यांना सूट आहे. भारतात हा आजार आढळलेला नाही.

थोडक्यात, परवानाधारक कंपनीच्या साबणाबद्दल ही भीती सोडून द्या. समाजमाध्यमांवर सध्या गुरांच्या चरबीचा घरगुती 'टॅलो बाम' गाजतोय, परदेशातल्या आपल्या लोकांकडूनही त्याबद्दल विचारणा होते. तिथे प्रश्न वेगळा आहे. स्वयंपाकघरात चरबी वितळवणाऱ्याकडे ना मोजमाप असतं, ना तपासणी, आणि ती खवट व्हायला वेळ लागत नाही.

पायरी चौथी: पार्लरमधलं 'केराटिन'

केराटिन ट्रीटमेंट, सिस्टीन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया अशा नावांनी जे होतं, त्यात सगळं लक्ष प्राण्याच्या प्रथिनाकडे जातं आणि खरा धोका नजरेआड होतो. लोकरीतून आलेलं केराटिन केस कायमचे सरळ करू शकत नाही. सरळ करतं ते सोबतचं रसायन आणि इस्त्रीची उष्णता. जुन्या पद्धतीत ते रसायन फॉर्मल्डिहाइड असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. लेबलवर ते 'फॉर्मलिन' किंवा 'मिथिलीन ग्लायकॉल' म्हणूनही येतं. इस्त्री फिरताना डोळे चुरचुरले, घशात खवखवलं, तर तो त्याचा धूर असण्याची दाट शक्यता आहे.

'फॉर्मल्डिहाइड-फ्री' म्हणून जे आलं, त्यातल्या अनेकांत ग्लायॉक्सिलिक अ‍ॅसिड असतं. ते टाळूतून शोषलं जाऊन शरीरात त्याचं ऑक्झलेट बनतं आणि ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत अडकतात. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड अचानक बिघडलेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२४ मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची केस वैद्यकीय नियतकालिकात आली: तीन वेळा ट्रीटमेंट, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा. क्रीममध्ये ग्लायॉक्सिलिक अ‍ॅसिड १० टक्के होतं.

म्हणून पार्लरमध्ये खुर्चीत बसण्याआधी बाटली मागा. ताईंनी डब्यात काढून ठेवलेलं क्रीम नको, मूळ बाटली. तिच्यावर वरची चारही नावं शोधा. बाटली दाखवायला कुरकुर झाली, घटकांची यादी नसली किंवा स्टिकरखाली झाकलेली असली, तर उठून या. पैसे आधी दिले असतील तरी उठून या. लग्नसराईत घाई असते, ओळखीच्या ताईंना नाही म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. पण मूत्रपिंडापुढे संकोच किती धरायचा? आणि केस सरळ केल्यानंतर दोन-तीन दिवसांत उलट्या, कंबरेत किंवा पोटात दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं, तर 'पित्त झालं असेल' म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना केसांच्या ट्रीटमेंटबद्दल आपणहून सांगा आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. ताईंनाही एक विनंती: हा धूर तुम्ही रोज घेता. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा बाहेर हवा फेकणारा लावा, हातमोजे घाला आणि घटक न छापलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

पायरी पाचवी: घरात बनवलेलं आणि रस्त्यावर विकलेलं

प्राणिजन्य घटकांचा सर्वांत ढिला वापर होतो तो आपल्याच घरात. शतधौत घृत घ्या. तांब्याच्या परातीत गाईचं तूप आणि पाणी घेऊन तांब्याच्या बुडाने घोटत राहायचं, पाणी काढून पुन्हा ताजं घालायचं, असं शंभर वेळा. पिवळं तूप हळूहळू पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं होतं आणि तुपाचा वास जातो. कोरड्या त्वचेला ते खरोखर छान लागतं. पण घोटताना त्यात पाण्याचे बारीक थेंब कोंडले जातात आणि परिरक्षक त्यात काहीच नसतं. साधं तूप महिनोन्‌महिने टिकतं ते त्यात पाणी नसतं म्हणून. शतधौत घृताला तो न्याय लावू नका. थोडंच बनवा, शेवटी पाणी नीट निथळा, काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि कोरड्या चमच्याने काढा. तांब्याच्या भांड्यात साठवू नका, तुपातली आम्लं तांब्याशी संयोग पावतात. हिरवट छटा, गुलाबी-काळे ठिपके, आंबूस वास यांपैकी काही दिसलं की सगळं फेका. वरचा थर काढून उरलेलं वापरणं नको. ताज्या भाजल्यावर ते लावू नका. तिथे वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी हाच पहिला उपाय. विकत घेत असाल तर आयुष परवान्याचा क्रमांक बघा.

कच्चं अंडं केसांना लावताना तोंडात, डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा आणि सांडलेला बलक तसाच ठेवू नका, साल्मोनेला हा जंतू तिथूनच पोटात जातो. न उकळलेलं दूध चेहऱ्याला लावायचं असेल तर आधी उकळून गार करा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठांना मध नको, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. शेण आणि गोमूत्र फुटलेल्या मुरुमांवर, वॅक्सिंगनंतरच्या त्वचेवर, खाजवून सोललेल्या टाळूवर अजिबात लावू नये. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि त्यांना आत शिरायला एवढी जागा पुरते. हे सांगताना कुणाची श्रद्धा दुखावायचा हेतू नाही. जखम उघडी असताना जंतूंना श्रद्धा कळत नाही.

जत्रेत, एसटी स्टँडबाहेर आणि आता ऑनलाइनही घोरपडीचं तेल, अस्वलाची चरबी केस वाढवायला म्हणून विकतात. या दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. विकणाऱ्याबरोबर घेणाराही अडकतो आणि शिक्षा किमान तीन वर्षांची आहे. बाटलीत बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं, म्हणजे पैसे गेले, वर गुन्ह्याची टांगती तलवार. अस्सल कस्तुरी आणि कोकण किनाऱ्यावर ज्याच्यासाठी धरपकडी होतात त्या व्हेलच्या उलटीचं, म्हणजे अंबरग्रिसचं, अत्तर यांनाही हेच लागू. केस काढायला 'मुंगीच्या अंड्यांचं तेल' आणि केस उगवायला 'जळवांचं तेल' यांच्यावर पत्ता, परवाना, घटक यांतलं काय छापलंय ते बघा. बहुतेकदा काहीच नसतं, आणि काहीच नसेल तर घेऊ नका.

रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या, जनावराच्या केसांपासून बनवलेल्या दाढीच्या ब्रशचीही एक जुनी हकीकत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे २०० हून अधिक लोकांना त्वचेचा अँथ्रॅक्स झाला. आज नामांकित ब्रशचे केस प्रक्रिया केलेले असतात. निनावी, उग्र जनावरी वास येणारा ब्रश मात्र घेऊ नये.

'सामन डीएनए' (सामन माशापासून काढलेला डीएनए) सारख्या गोष्टींची इंजेक्शनं पार्लरमध्ये देतात, असंही कानावर येतं. भारतीय कायद्यात प्रसाधन म्हणजे शरीरावर चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची वस्तू. सुई टोचली की ते प्रसाधन राहत नाही आणि ते पार्लरचं कामही नाही.

पायरी सहावी: घरची चाचणी

नवं उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा लावा. सात ते दहा दिवस रोज त्याच जागी. एकदा लावून 'काही झालं नाही' म्हणणं फसवं असतं, कारण संपर्काची अ‍ॅलर्जी उशिरा आणि पुन्हापुन्हा लावल्यावर उमटते. शॅम्पू-कंडिशनर धुऊन टाकायचे असतात, तर तेवढीच पाच मिनिटं ठेवून धुवा. पहिल्या दिवशी पहिला अर्धा तास लक्ष ठेवा. प्रथिनांमुळे येणाऱ्या गांधी तेवढ्या वेळात उठतात. खाज, लाली, फोड आले की धुऊन टाका आणि थांबा.

ज्यांना अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी होऊन गेली आहे, त्यांनी त्या अन्नाशी संबंधित प्रसाधनाची घरी चाचणी करूच नये. ओठ-जीभ सुजणं, श्वासाला घरघर, चक्कर असं काही झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

पायरी सातवी: कंपनीला विचारा, गरज पडली तर तक्रार करा

बाटलीवरच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर एवढंच लिहा: 'आपल्या अमुक उत्पादनातील (बॅच क्रमांक अमुक) ग्लिसरिन, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि केराटिन यांचा स्रोत वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य? प्राणिजन्य असल्यास कोणत्या प्राण्यापासून? गुरांपासून असल्यास कच्च्या मालाच्या पुरवठादाराचं बीएसई-टीएसई प्रमाणपत्र आपल्याकडे आहे का? उत्पादनात दूध, अंडे, मासे किंवा कवचधारी जलचर यांची प्रथिने आहेत का?' बीएसई-टीएसई प्रमाणपत्र म्हणजे माल गुरांच्या त्या मेंदूच्या आजारापासून मुक्त असल्याची हमी. कच्चा माल पुरवणारे ते नेहमीच देतात आणि चांगल्या कंपनीकडे ते फाइलला असतं. सरळ उत्तर आलं तर ती कंपनी आपला माल ओळखते. 'आमची उत्पादने उत्कृष्ट व नैसर्गिक आहेत' एवढंच आलं, तर पुन्हा विचारा, आणि तरीही तेच आलं तर दुसरी कंपनी बघा.

खरेदी करताना उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम मुदत बघा. आयात मालावर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. बॅगेतून आणलेल्या, मित्राने परदेशातून पाठवलेल्या वस्तूवर हे नसतं, तेव्हा काही झालं तर इथे जाब विचारायला कुणी सापडत नाही, एवढं लक्षात असू द्या.

त्रास झालाच तर बाटली फेकू नका. पुढची-मागची बाजू, बॅच क्रमांक आणि त्वचेवरचं पुरळ यांचे त्याच दिवशी फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि बाटली घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोणत्या घटकाने त्रास झाला हे पॅच टेस्टने ठरलं, तर त्या घटकाचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. पुढच्या प्रत्येक खरेदीला ते लागेल. तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते, गोव्यात बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात. तिथे औषध निरीक्षकांना त्या बॅचचा नमुना घेऊन तपासता येतो. पैसे परत मिळवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पार्लरमध्ये त्रास झाला असेल तर तक्रारीत ट्रीटमेंटची तारीख, वापरलेल्या उत्पादनाचं नाव आणि बाटलीचा फोटो जोडा. फोटो नसेल तर पार्लरकडे नाव लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं उत्तरही चालतं.